न गिळता येणारा काटा

मोखाडा तालुक्यातील खोडाळा येथे विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिराला गेलो होतो. दुपारच्या सत्रात एका आश्रमशाळेच्या सरांनी टेबलावर दोन वस्तू आणून ठेवल्या. पहिली म्हणजे छपराच्या सिमेंट पत्र्याचा वीतभर तुकडा. वादळात पत्रा फुटला होता, नवा बसला होता आणि जुन्याचे तुकडे आवारातच पडून होते. दुसरी वस्तू म्हणजे विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत सापडलेला पांढऱ्या सुयांचा झुबका. मुलांच्या लेखी ती गारगोटीच. सरांनी भिंग पुढे केले आणि म्हणाले, "सर, पत्र्याच्या तुटलेल्या कडेला बारीक धागे दिसतात आणि या दगडातही सुया दिसतात. एकाला आपण विषारी म्हणतो आणि दुसरे मुले खिशात घालून हिंडतात. फरक नेमका कशाचा?"

पत्र्याचा तुकडा आधी ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायला सांगितला आणि मग उत्तर द्यायला उभा राहिलो. अर्धा तास बोललो, तरी ते अपुरे राहिले याची रुखरुख होती. सरांच्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला विज्ञानाला सुमारे शंभर वर्षे लागली आणि त्यातील बराचसा काळ चुकीच्या दिशेने शोधण्यात गेला. ती हकीकत येथे थोडी सविस्तर सांगतो.

प्रथम 'विषारी' या शब्दाकडे पाहू. ॲस्बेस्टॉस हे नेहमीच्या अर्थाने विष नाही. ते पाण्यात विरघळत नाही, त्याला वास नाही, त्याच्या धुराने कोणी घुसमटून मरत नाही. रासायनिक दृष्ट्या तो एक सिलिकेट आहे, म्हणजे आपल्या मातीचा आणि दगडांचा सख्खा भाऊ. सर्वांत जास्त वापरला गेलेला प्रकार म्हणजे क्रिसोटाइल किंवा पांढरा ॲस्बेस्टॉस. त्याच्या स्फटिकात सिलिकेचा एक थर आणि मॅग्नेशियमचा एक थर एकमेकांना चिकटलेले असतात. मॅग्नेशियमचा थर किंचित मोठा असल्याने दोन्ही मिळून वळतात आणि चटई गुंडाळावी तशी एक अतिसूक्ष्म नळी तयार होते. अशा एकेका नळीची जाडी मायक्रॉनच्या काही शतांश भागाइतकीच असते. आपला केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. निळा ॲस्बेस्टॉस म्हणजे क्रोसिडोलाइट आणि तपकिरी म्हणजे अमोसाइट हे दुसऱ्या कुळातले, अँफिबोल गटातले. त्यांचे तंतू सरळ, ताठ आणि सळईसारखे असतात. आपल्याकडील सिमेंट पत्र्यात वजनाच्या सुमारे दहा टक्क्यांपर्यंत क्रिसोटाइल असतो. पत्रा अखंड असेपर्यंत तो सिमेंटमध्ये अडकून राहतो. पत्रा कापला, भोक पाडले, फोडला किंवा जुना झिजलेला पत्रा कोरड्या ब्रशने घासला, की तंतू मोकळे होतात.

आता हा तंतू श्वासाबरोबर आत गेला असे समजा. नाकातले केस, श्वासनलिकांतला चिकट श्लेष्मा आणि तो वर ढकलणाऱ्या पक्ष्माभिका ही आपली पहिली चाळण. पाच-दहा मायक्रॉनपेक्षा जाड कण बहुधा येथेच अडकतात आणि थुंकीवाटे बाहेर पडतात किंवा गिळले जातात. लांब तंतूही अडकायला हवा होता. पण हवेत तरंगणारा तंतू किती खोल जाईल हे मुख्यतः त्याच्या जाडीवर ठरते, लांबीवर फारसे नाही. प्रवाहात पडलेली काडी जशी प्रवाहाच्या दिशेने वळून अरुंद फटीतून निसटते, तसा वीस-तीस मायक्रॉन लांब पण अर्ध्या मायक्रॉनहूनही बारीक असा तंतू थेट वायुकोशापर्यंत पोचतो. तेथे पक्ष्माभिका नाहीत. तेथील साफसफाई एकट्या मॅक्रोफेज या भक्षक पेशीकडे सोपवलेली आहे.

या भक्षक पेशींचा शोध कसा लागला, ते वर्गात जरूर सांगावे. इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत होता. ताऱ्यामाशाच्या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात. त्यांच्या अंगातील फिरत्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्याच्या मनात आले, की या पेशी बाहेरून घुसलेल्या वस्तूशी सामना करत असतील काय? त्याने बागेतील गुलाबाचे काटे तोडून आणले आणि अळ्यांच्या पातळ त्वचेखाली टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! आपल्या पायात काटा मोडला की भोवती सूज आणि पू जमतो, त्याचेच हे मूळ रूप. या कामातून पुढे पेशीभक्षणाचा सिद्धान्त उभा राहिला आणि मेचनिकॉव्हला १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी, की गिळणाऱ्या पेशींचा शोध ज्या प्रयोगातून लागला त्या प्रयोगातला काटा मात्र पेशींना गिळता येण्याजोगा नव्हताच. त्या भोवती जमल्या, एवढेच. मेचनिकॉव्हचे लक्ष पुढे जंतूंकडे वळले आणि ते योग्यच होते. पण न गिळता येणाऱ्या काट्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मागे पडला तो पडलाच.

याच काळात इंग्लंडमध्ये ॲस्बेस्टॉसचे सूत काढण्याच्या गिरण्या जोरात होत्या. ल्यूसी डीन या महिला कारखाना निरीक्षकाने १८९८ सालच्या अहवालात या धुळीकडे लक्ष वेधले. सूक्ष्मदर्शकाखाली धुळीचे कण काचेसारखे धारदार दिसतात आणि कामगारांच्या प्रकृतीला त्यांपासून अपाय होतो, असे तिने स्पष्ट लिहिले. अहवाल छापला गेला आणि कपाटात गेला. पुढच्याच वर्षी लंडनमधील चेरिंग क्रॉस रुग्णालयात डॉ. मॉन्टेग्यू मरे यांच्याकडे तेहतीस वर्षांचा एक कामगार धाप लागते म्हणून आला. चौदा वर्षे त्याने ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत काढली होती. पिंजण खात्यात आपल्याबरोबर असलेल्या दहा जणांपैकी आपण एकटेच उरलो आहोत, असे त्याने सांगितले. १९०० साली तोही गेला. शवविच्छेदनात त्याची फुप्फुसे घट्ट झालेली आढळली. मरे यांनी १९०६ मध्ये सरकारी समितीपुढे ही हकीकत सांगितली खरी, पण आता गिरण्यांत धूळ कमी करण्याची काळजी घेतली जात असल्याने असे रोगी यापुढे फारसे दिसणार नाहीत, असेही ते म्हणाले. इतक्या चांगल्या निरीक्षकाने असा दिलासा द्यावा, याचे मला नेहमी नवल वाटते.

पुढचे नाव नेली केरशॉ हिचे. पोरवयात गिरणीकामाला लागलेली आणि पुढे रॉचडेल येथील टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात काम केलेली ही बाई १९२४ साली अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारली. डॉ. डब्ल्यू. ई. कुक यांनी तिची फुप्फुसे तपासली. त्यांत क्षयाच्या खुणा होत्याच, पण त्याखेरीज खनिजाचे टोकदार तुकडे आणि घट्ट तंतुमय ऊती होती. १९२७ साली कुक यांनी या रोगाला 'ॲस्बेस्टोसिस' हे नाव दिले. फुप्फुसात सापडणाऱ्या सोनेरी-तपकिरी, दोन्ही टोकांना फुगलेल्या, मण्यांच्या माळेसारख्या विचित्र आकृत्यांचेही वर्णन त्याच सुमारास झाले. त्या काय आहेत हे तेव्हा कोणालाच उमगेना. आज आपण त्यांना ॲस्बेस्टॉस काया म्हणतो. मधोमध एक तंतू आणि त्यावर भक्षक पेशींनी चढवलेला लोह व प्रथिनांचा लेप, असे त्यांचे स्वरूप असते. गिळता न आलेल्या वस्तूला निदान मढवून टाकण्याचा तो प्रयत्न! मात्र असा लेप थोड्याच तंतूंवर चढतो, बाकीचे उघडेच राहतात.

कुक यांच्या लेखांमुळे सरकार हलले. मेरेवेदर आणि प्राइस यांनी १९३० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ३६३ कामगारांची तपासणी होती. सुमारे चौथा हिस्सा कामगारांना फुप्फुसाची तंतुमयता होती आणि वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेल्यांत तर पाचांतल्या चौघांना. १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये नियम आले. १९३४ साली त्याच टर्नर समूहाने हिंदुस्थानात ॲस्बेस्टॉस सिमेंटचा उद्योग सुरू केला, तो मध्य प्रांतातील कैमूर येथे. पुढे मुंबईत मुलुंडलाही कारखाना निघाला. खोडाळ्याच्या छपरावरच्या पत्र्याची वंशावळ अशी रॉचडेलपर्यंत जाऊन पोचते. गवताने शाकारलेले आणि कारवीच्या कुडाचे घर दरवर्षी डागडुजी मागते. कौले माकडे फोडतात. त्या मानाने मोखाड्यासारख्या धोधो पावसाच्या मुलखात हा पत्रा स्वस्त आणि टिकाऊ ठरला, त्यात नवल नाही. पत्र्याचा टिकाऊपणा ज्या गुणात आहे, रोगाचे मूळही त्याच गुणात आहे, हे मात्र पुढे कळले.

धूळ आणि पेशी यांचा संबंध नीट उलगडायला १९६० चे दशक उजाडावे लागले. त्याआधी धारदार कण फुप्फुसाला टोचतात आणि जखमा होतात, अशी सरळसोट कल्पना होती. १९६६ साली ॲलिसन, हॅरिंग्टन आणि बर्बेक यांनी सिलिकेच्या कणांवर एक प्रयोग केला. दगडखाणीतल्या धुळीत हेच कण असतात. मॅक्रोफेज सिलिकेचा कण सहज गिळते. गिळलेल्या कणाभोवती पिशवी तयार होते आणि पाचक रसांनी भरलेले लायसोसोम तिला येऊन मिळतात. जंतू असता तर तो विरघळला असता. सिलिका मात्र विरघळत नाही, उलट पिशवीच्या पटलालाच चिकटून ते फाडते. पाचक रस पेशीतच सांडतात आणि पेशी मरते. कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. दगड फोडणाऱ्यांना होणाऱ्या सिलिकोसिसचे हे रहाटगाडगे आहे.

तंतूचे दुखणे याहून वेगळे निघाले. माणसाच्या वायुकोशातील मॅक्रोफेजचा व्यास साधारण पंधरा ते वीस मायक्रॉन. तंतू तिच्यापेक्षा लांब असला तर काय होईल? वर्गात दाखवायचे असेल तर एक कापडी पिशवी घ्या. मूठभर शेंगदाणे टाकून तोंड बांधता येते. आता तिच्यात हातभर काठी घाला. काठी बाहेर डोकावते, तोंड बांधता येत नाही आणि पिशवी हलवली की शेंगदाणे सांडतात. पेशीचे नेमके हेच होते. ती तंतूच्या एका टोकापासून गिळायला लागते, पटल तंतूवर सरकत जाते, पण दुसरे टोक तिच्या आवाक्यात येत नाही. भक्षणाची पिशवी उघडीच राहते. आत चालू झालेले पाचक रस आणि ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे त्या उघड्या तोंडातून आजूबाजूच्या निरोगी ऊतीवर सांडत राहतात. इंग्रजीत याला वैफल्यग्रस्त भक्षण अशा अर्थाचे नाव आहे. आपण त्याला 'अर्धवट भक्षण' म्हणू.

लांबीचे हे महत्त्व सर्वांत ठळकपणे दाखवले ते अमेरिकेतील मर्ल स्टँटन यांनी. त्यांनी वेगवेगळ्या खनिजांचे, काचेचेसुद्धा, निरनिराळ्या मापाचे तंतू उंदरांच्या फुप्फुसावरणात ठेवले. १९८१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की आठ मायक्रॉनपेक्षा लांब आणि पाव मायक्रॉन किंवा त्याहून बारीक तंतू जितके अधिक तितके कर्करोगाचे प्रमाण अधिक. तंतू कोणत्या खनिजाचा, यापेक्षा त्याचे माप अधिक बोलके ठरले. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या माझ्यासारख्याला हे पचायला वेळ लागला. पदार्थाचा गुण त्याच्या घटकांत असतो असे आपण शिकलो आणि शिकवले. येथे गुण आकारात होता.

पण केवळ आकार म्हणून थांबता येत नाही. कापसाचे आणि गवताचे तंतूही आपण श्वासाबरोबर घेतोच. दुसरी अट टिकण्याची. मॅक्रोफेजच्या पाचक पिशवीतले वातावरण बरेच आम्ल असते. त्यात क्रिसोटाइलच्या नळीतील मॅग्नेशियम हळूहळू झिरपून जाते, नळी कमकुवत होऊन तुटते आणि तुकडे गिळले जाऊ शकतात. निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसचे तंतू मात्र दशकानुदशके जसेच्या तसे राहतात. या फरकाचा आधार घेऊन पांढरा ॲस्बेस्टॉस निर्धोक आहे, असा प्रचार उद्योगाने जगभर केला. फरक खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या मते ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसात कर्करोग घडवतात, क्रिसोटाइलसुद्धा. रोज नवा तंतू आत जात असेल, तर जुना किती वर्षांत विरघळला याला फारसा अर्थ उरत नाही.

तिसरी गोष्ट तंतूच्या पृष्ठभागाची. वाइट्झमन आणि ग्रासेफा यांनी १९८४ साली दाखवले, की ॲस्बेस्टॉसमधील लोह हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलके तयार करण्यास मदत करते. ही मूलके पेशीतील डीएनएवर थेट घाव घालतात. बारावीच्या विद्यार्थ्यांना फेंटनची अभिक्रिया म्हणून हे सांगता येईल. निळ्या ॲस्बेस्टॉसमध्ये लोह भरपूर, आणि वर सांगितलेल्या लेपातून शरीर त्यात आणखी भर घालते!

मग पेशी धोक्याची घंटा कशी वाजवते? याचे उत्तर २००८ साली स्वित्झर्लंडमधील युर्ग चॉप यांच्या प्रयोगशाळेतून आले. मॅक्रोफेजच्या आत नाल्प-३ नावाचे एक प्रथिन असते. अर्धवट भक्षणाच्या गडबडीत ते जागे होते, इतर प्रथिनांना जोडून घेऊन एक यंत्रणा उभारते आणि इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा निरोप पेशीबाहेर पाठवते. निरोप ऐकून आणखी पेशी येतात. काट्याभोवती गराडा पडतो, मेचनिकॉव्हने पाहिला तसाच. पायातला काटा आपण उपसून काढतो, सूज उतरते. येथे काटा निघत नाही, म्हणून निरोप थांबत नाही. पाठोपाठ संयोजी ऊती घडवणाऱ्या पेशी जागेवर येतात आणि जखम भरून काढण्यासाठी कोलॅजेनचे धागे घालू लागतात. प्राणवायू ज्या भिंतीतून रक्तात शिरतो ती मुळात एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असते. तिच्यावर थरावर थर चढतात. फुप्फुस स्पंजासारखे न राहता वाळलेल्या चामड्यासारखे होते. शरीर स्वतःच्या दुरुस्तीनेच गुदमरते, हा ॲस्बेस्टोसिस.

कर्करोग याच वाटेने, पण आणखी लांबून येतो. सतत दाह असलेल्या जागी पेशी पुन्हापुन्हा विभागतात आणि मूलके त्यांच्या डीएनएवर घाव घालत असतात. शिवाय तंतू स्वतः विभाजनात लुडबुड करतो. सॅलॅमँडरच्या कुळातील न्यूट या प्राण्याच्या फुप्फुसपेशी मोठ्या आणि चपट्या असतात. त्यांत निळ्या ॲस्बेस्टॉसचे तंतू सोडून १९९५ साली शास्त्रज्ञांनी विभाजन होताना प्रत्यक्ष पाहिले. लांब तंतूंत गुणसूत्रे अडकल्याचे त्यांना अधूनमधून दिसले. शेतात नांगराच्या फाळाला तार अडकावी तसा हा प्रकार. अशी एखादी चूक, मग दुसरी, मग तिसरी, असे साचत जाऊन वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी गाठ दिसू लागते. रिचर्ड डॉल यांनी १९५५ साली रॉचडेलच्याच कामगारांत दाखवले, की वीस वर्षांहून अधिक काळ या धुळीत वावरलेल्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे दहापट होता. यात विडी-सिगारेटची भर पडली तर बेरीज होत नाही, जवळजवळ गुणाकार होतो. अमेरिकेतील १९७९ च्या पाहणीत दोन्हींपासून दूर असलेल्यांच्या तुलनेत केवळ ॲस्बेस्टॉसमुळे धोका पाचपट, केवळ धूम्रपानामुळे अकरापट आणि दोन्ही एकत्र असता त्रेपन्नपट आढळला.

फुप्फुसावरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग तर एरवी इतका दुर्मिळ, की तो दिसला म्हणजे ॲस्बेस्टॉसची चौकशी करावी. दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्शँड यांनी १९६० साली याचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतील बहुतेकांचा निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखाशी संबंध होता, पण सगळे खाणकामगार नव्हते. काहींचे फक्त बालपण तेथे गेले होते. म्हणजे कारखान्याच्या फाटकाबाहेरचा माणूसही सुरक्षित नाही, हे प्रथमच उघड झाले.

येथे सरांच्या दुसऱ्या वस्तूकडे, त्या पांढऱ्या सुयांकडे वळू. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट गटाची खनिजे स्फटिकरूपाने वाढली. नाशिकजवळच्या पांडवलेणीच्या खाणींतील नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्यांतील स्कोलेसाइट, मेसोलाइट यांसारखी खनिजे सुयांच्या रूपात वाढतात. आता तुर्कस्तानातील करायन या खेड्याची गोष्ट ऐका. १९७० च्या दशकात डॉ. इझ्झेत्तिन बारिश यांच्या लक्षात आले, की या गावातील मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे मेसोथेलिओमाने होतात. गावात ॲस्बेस्टॉसचा कारखाना नव्हता. घरे मात्र ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ दगडात कोरलेली होती, आणि त्या दगडात एरिओनाइट नावाचे लोकरीसारखे तंतुमय खनिज होते. एरिओनाइट हा झिओलाइटच आहे!

मग मुलांच्या खिशातले दगड फेकून द्यायचे काय? नाही. सगळे झिओलाइट एरिओनाइट नसतात. हातात धरता येणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या सुया तंतूच्या मानाने खांबासारख्या जाड असतात. त्या वायुकोशापर्यंत पोचूच शकत नाहीत. स्कोलेसाइटच्या कुळातील खनिजे आम्लात लवकर विघटित होतात, हेही त्यांच्या बाजूचे. तेव्हा दगड जरूर गोळा करावेत, भिंगातून पाहावेत. कुटून त्यांची पूड मात्र करू नये आणि लोकरीसारखे मऊ पुंजके दिसले तर त्यांना हात लावू नये. सरांच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यात येते. दगडाचे नाव विचारून भागत नाही. धागा किती बारीक, किती लांब आणि पेशीच्या आम्लात किती वर्षे टिकतो, ते विचारावे लागते. २००८ साली कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांबाबत हाच प्रश्न विचारला गेला, तेव्हा लांब नळ्या उंदरांत ॲस्बेस्टॉससारख्याच वागताना आढळल्या. प्रयोगशाळेत घडवलेल्या अगदी नव्या पदार्थालाही जुनी कसोटी लागू पडली.

पेशीच्या या संथ कारभाराशी न्यायालयालाही जुळवून घ्यावे लागले. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल लागला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपाव्यात, असा आदेश दिला. चाळीस वर्षे हा आकडा एरवी चमत्कारिक वाटेल. तंतू आणि गाठ यांमधला काळ ज्याला ठाऊक आहे, त्याला तो बरोबर वाटतो.

आदेश आणि अंमल यांत केवढे अंतर असते, ते मुंबईत दिसले. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस गिरणीतल्या कामगारांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध केली. गिरणीत २३२ कामगार होते, १८१ जण तपासणीला आले. त्यांतील २२ टक्क्यांना ॲस्बेस्टोसिस होता. भारतात ॲस्बेस्टॉसशी संबंध येणाऱ्या कामगारांची संख्या अंदाजे एक लाख असताना नुकसानभरपाई मिळालेले लोक तिशीच्याही आत होते, असे त्याच निबंधात नमूद आहे. धाप लागलेला कामगार डॉक्टरकडे जातो, क्ष-किरण चित्रात डाग दिसतात आणि आपल्याकडे डाग म्हणजे क्षय, असे समीकरण बसलेले. नेली केरशॉच्या वेळी झालेला घोटाळा अजून पुरता निस्तरलेला नाही.

साठाहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये, युरोपीय संघाने २००५ पासून, आणि अमेरिकेने क्रिसोटाइलपुरती २०२४ मध्ये. भारतात नव्या खाणपट्ट्यांवर १९८६ पासून निर्बंध आले, पण क्रिसोटाइलची आयात आणि पत्र्यांचे उत्पादन थांबलेले नाही. संपूर्ण बंदीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केली नाही, १९९५ चे आदेश मात्र पाळण्यास पुन्हा बजावले.

मुंबईच्या त्या १८१ जणांची नावे निदान हजेरीपटावर होती. खोडाळा-मोखाड्याकडची माणसे भातकापणी आटोपली की भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर कामाला जातात. जुनी शेड पाडण्याचे काम मिळाले तर पत्रे घणाने फोडून खाली टाकायचे, चुरा झाडून काढायचा आणि पावसाच्या आधी गावी परतायचे. कोणत्या शेडचे पत्रे कोणी फोडले, याची नोंद कोठेही राहत नाही. यांतील एखाद्याला तीस वर्षांनी धाप लागली तर मोखाड्याच्या रुग्णालयातील डॉक्टर त्याला काय विचारणार? निदान आपल्या शाळेतून गेलेल्या मुलाला एवढे तरी माहीत असावे, की पत्रा फोडू नये, अख्खा उतरवावा. आधी पाण्याने भिजवावा, करवत लावू नये, चुरा कोरडा झाडू नये आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. तोंडाला बांधलेला रुमाल पाव मायक्रॉनच्या तंतूला अडवत नाही.

शिबिर संपल्यावर सरांनी विचारले, "मग आमच्या आवारातल्या तुकड्यांचे काय करू?" घातक कचऱ्याची शास्त्रशुद्ध व्यवस्था तळोज्यासारख्या औद्योगिक वसाहतीत आहे, खोडाळ्यात नाही. तुकडे भिजवून जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी बांधायचे, विहिरीपासून आणि खेळाच्या मैदानापासून दूर, पुढे कोणी खणणार नाही अशा जागी खोल पुरायचे, असे ठरले. मुलांना या कामापासून लांब ठेवायचे, हेही ठरले. महिनाभराने सरांचे पत्र आले. काम झाले होते. खड्डा कोठे आहे, किती खोल आहे आणि कोणत्या तारखेला बुजवला, हे त्यांनी शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात नकाशासह लिहून ठेवले होते आणि मुख्याध्यापकांची सही घेतली होती.